'गीता प्रवचने'च्या आठव्या अध्यायातील मृत्युस्मरण : एक चिकित्सक अभ्यास

प्रस्तावना

मराठी समाजाच्या मृत्यूविषयक वर्तनात दोन परस्परविरोधी प्रवृत्ती एकाच वेळी नांदताना दिसतात. एकीकडे कीर्तन, प्रवचन, भजन यांतून देहाच्या नश्वरतेचा उच्चार शतकानुशतके होत आला आहे. दुसरीकडे, घरात मरणाचा विषय निघताच 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून तो बंद केला जातो. ही टाळाटाळ भाषेतच मुरलेली आहे. घराबाहेर पडणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटत नाही, ती 'वाढवते'. दुकानही बंद होत नाही, ते 'वाढवले' जाते. मनुष्य मरत नाही, तो 'देवाघरी जातो'. देवळात ऐकलेले मरण उंबरठ्याच्या आत येऊ द्यायचे नाही, अशी ही व्यवस्था आहे.

या व्यवस्थेला नेमका छेद देणारे एक विवेचन विनोबा भावे यांच्या 'गीता प्रवचने' या ग्रंथात, आठव्या अध्यायावरील प्रवचनात आढळते. मरणाचे स्मरण जगण्याला बळ देते, असे त्याचे प्रतिपादन आहे. हे प्रतिपादन महाराष्ट्रात पुष्कळ ऐकले गेले. परंतु श्रद्धेने ऐकले गेल्यामुळे त्याची चिकित्सा मात्र अभावानेच झाली. मृत्यूच्या स्मरणाने जीवन खरोखरच अर्थपूर्ण होते काय, होत असल्यास कोणत्या अटींवर, आणि हा विचार कोणाच्या बाबतीत अपुरा पडतो, या तीन प्रश्नांच्या आधारे प्रस्तुत लेखात या प्रवचनाचा विचार केला आहे.

प्रवचनांची पार्श्वभूमी

'गीता प्रवचने' हा ग्रंथ लेखणीतून उतरलेला नाही. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत शिक्षा झालेल्या विनोबांनी धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात दर रविवारी एक याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर अठरा प्रवचने दिली. साने गुरुजींनी ती ऐकता ऐकता टिपून घेतली, म्हणून ती आज उपलब्ध आहेत. आठव्या अध्यायावरील प्रवचन १० एप्रिल १९३२ रोजी झाले. त्या वेळी विनोबांचे वय ३६ वर्षांचे होते.

ही पार्श्वभूमी केवळ माहितीपुरती नाही. मरणाविषयी बोलणारा वक्ता वृद्ध नाही, रुग्णशय्येवर नाही आणि त्याचे श्रोतेही संसारातून निवृत्त झालेले नाहीत. ते राजबंदी आहेत. सुटल्यानंतर पुन्हा चळवळीत उतरायचे, याच विचाराचे पुष्कळजण त्यांत असणार. म्हणजे येथे मृत्यूची चर्चा आयुष्याच्या सायंकाळी होत नसून भर माध्यान्ही, कृतीच्या दोन टप्प्यांमधील सक्तीच्या विरामात होत आहे. त्यामुळे या प्रवचनाचा सूर विरक्तीपेक्षा तयारीचा आहे. वारा आणि पाणी यांचा अंदाज घेऊन नाव लोटणाऱ्या नावाड्याची सावधता त्यात जाणवते.

मराठीतील पूर्वपरंपरा

विनोबांच्या मांडणीचे वेगळेपण कळण्यासाठी तिच्यामागील परंपरा थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना जन्म, मृत्यू, जरा आणि व्याधी यांतील दोष आधीच ओळखणाऱ्या पुरुषाचे विस्तृत वर्णन येते. तारुण्यातच वार्धक्याचे चित्र डोळ्यांपुढे आणणे, हे तेथे ज्ञानाचे लक्षण मानले आहे. 'दासबोधा'च्या तिसऱ्या दशकातील नववा समास तर मृत्यूच्याच निरूपणासाठी योजलेला आहे. त्यात समर्थांनी अवलंबिलेली पद्धत गणनेची आहे. बलवान, धनवान, राजा, रंक, पंडित अशा एकामागून एक येणाऱ्या नावांचा मारा करून मृत्यू कोणाचीही भीड ठेवत नाही, हे ते श्रोत्याच्या मनावर ठसवतात. या गणनेचा परिणाम धक्क्याचा आहे. झोपलेल्याला हलवून जागे करण्याचा आहे. तुकारामांच्या अभंगात मात्र मृत्यू हा अनुभव होऊन येतो. देह जिवंत असतानाच 'मी'पणाचे मरण पाहणे आणि त्या मरणाचा सोहळा होणे, ही तेथील भूमिका आहे.

या तीन भूमिकांना अनुक्रमे दक्षता, धक्का आणि अनुभूती अशी नावे देता येतील. तीनही भूमिका समर्थ आहेत. परंतु सामान्य प्रपंची माणसाने सोमवारी सकाळी उठून नेमके काय करावे, याचे उत्तर त्यांतून सहज निघत नाही. धक्का ओसरतो आणि अनुभूती सर्वांच्या वाट्याला येत नाही. विनोबांचे प्रवचन या रिकाम्या जागेत उभे राहते. त्यांनी मृत्यूचा विचार सवयीच्या पातळीवर आणला.

प्रवचनाची रचना : संस्कार, स्मरण, संघर्ष

या प्रवचनाची खरी शक्ती त्यातील विचारांच्या क्रमात आहे. विनोबा प्रारंभी मृत्यूविषयी बोलत नाहीत; ते हिशेबाविषयी बोलतात. दिवसभरात माणूस असंख्य क्रिया करतो. पण रात्री मागे वळून पाहिल्यास त्यांतील दोन-चारच ठळकपणे आठवतात. आठवड्याच्या, महिन्याच्या आणि वर्षाच्या अखेरीस हीच गाळणी चालू राहते. मोठ्या गणितातील असंख्य आकड्यांची बेरीज-वजाबाकी होऊन शेवटी एक लहानसे उत्तर उरावे, त्याप्रमाणे संपूर्ण आयुष्याच्या अखेरीस काही थोडे संस्कार शिल्लक राहतात. अंतकाळी जो भाव मनात असेल तशी गती मिळते, या गीतावचनाचा अर्थ विनोबा या रीतीने लावतात. शेवटचा क्षण ही आयत्या वेळी साधायची किमया नाही; आयुष्यभराच्या पुनरावृत्तीचे ते फलित आहे.

दुसऱ्या टप्प्यात मरणाच्या स्मरणाचा विषय येतो. मृत्यू पाठीशी उभा असताना त्याला विसरण्याच्या युक्त्या शोधण्यातच माणूस गुंतलेला असतो, हे सांगताना विनोबांनी फ्रेंच तत्त्वज्ञ पास्कल याचा आधार घेतला आहे. धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना सतराव्या शतकातील ख्रिस्ती विचारवंताची साक्ष काढणे, ही विनोबांच्या वृत्तीची एक खूणच होय. रेल्वेचे तिकीट काढून गाडीत बसलेल्या प्रवाशाचा दृष्टान्तही याच ठिकाणी येतो. प्रवासी डब्यात स्वस्थ बसून राहिला तरी गाडी त्याला मुक्कामी पोहोचवतेच. जन्मास आलेल्याची स्थिती हीच आहे. समर्थांची भव्य गणना येथे आगगाडीच्या डब्यात आली आहे. मृत्यूला परिचित वस्तूंच्या संगतीत बसविण्याची ही शैली त्याची भीती कमी करते आणि तरीही त्याची अटळता सौम्य करीत नाही.

तिसऱ्या टप्प्यात गीतेतील सातत्याचा विचार येतो. सर्वकाळ स्मरण ठेव आणि युद्ध कर, ही गीतेची आज्ञा आहे. स्मरण आणि युद्ध यांतील कोणताही एक शब्द वगळून चालत नाही. त्यानंतर शुक्ल आणि कृष्ण गतींचे विवेचन येते. तेथेही विनोबा शब्दार्थात अडकत नाहीत. अग्नी, सूर्य, वाढता चंद्र आणि निरभ्र आकाश यांना ते अनुक्रमे कर्म, ज्ञान, भक्ती आणि अनासक्ती यांची प्रतीके मानतात. उत्तरायणात मरण यावे म्हणून पंचांग पाहत बसण्याची गरज या अन्वयार्थामुळे उरत नाही. मरणाचा मुहूर्त हा विषय बाजूला पडून जगण्याची प्रत हा विषय पुढे येतो.

एकनाथांच्या कथेची चिकित्सा

या प्रवचनातील सर्वांत लोकप्रिय भाग म्हणजे एकनाथांची कथा. तुमचे जीवन इतके निष्पाप कसे, असे विचारणाऱ्या एका गृहस्थाला नाथांनी त्याचे मरण सात दिवसांवर आल्याचे सांगितले. तो घाबरून घरी गेला, निरवानिरव करू लागला. पुढे नाथ त्याला भेटले आणि या दिवसांत किती पाप घडले, असे त्यांनी विचारले. मरण डोळ्यांपुढे उभे असता पापाचा विचार करायला सवड कोठून मिळणार, असे त्याचे उत्तर होते. त्याच्या उत्तरातच त्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर होते.

ही कथा कीर्तनांत, शालेय भाषणांत आणि व्याख्यानमालांत सुटी करून सांगितली जाते. सुटी केल्यावर ती परिणामकारक ठरते, पण तोकडीही पडते. तिच्याविषयी दोन आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप असा की, त्या गृहस्थाने पाप केले नाही हे खरे. परंतु त्याने पुण्य तरी कोणते केले? पापापासून परावृत्त होणे आणि अर्थपूर्ण जगणे या दोन गोष्टी एक नव्हेत. भयाने गोठलेला मनुष्यही पाप करीत नाही. सात दिवसांत त्याने शेजाऱ्याच्या मुलाला शिकवले, तुटलेले नाते जोडले किंवा विहिरीचा गाळ काढला, असे कथा सांगत नाही. तिच्यातील परिवर्तन अभावात्मक आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. मरणाची आठवण माणसाला सदाचाराकडेच नेईल, याची शाश्वती नाही. मरायचेच आहे तर भोगून घ्यावे, हा निष्कर्षही त्याच आठवणीतून काढता येतो. चार्वाकाच्या नावावर भारतीय परंपरेने तो नोंदवूनही ठेवला आहे. आधुनिक मानसशास्त्रानेही या बाजूकडे लक्ष वेधले आहे. अर्नेस्ट बेकर यांनी 'द डिनायल ऑफ डेथ' (१९७३) या ग्रंथात मृत्यूचा नकार हा मानवी संस्कृतीचा एक पायाच असल्याचे मांडले. त्यांच्या विचारातून पुढे आलेल्या मानसशास्त्रीय सिद्धान्तानुसार मृत्यूच्या आठवणीने माणूस आपला धर्म, आपले राष्ट्र आणि आपला गट यांना अधिक घट्ट चिकटून राहू शकतो व परक्यांविषयी अधिक कठोर होऊ शकतो. या सिद्धान्ताच्या काही प्रयोगांची पुनःपडताळणी यशस्वी झालेली नाही, हेही नमूद करणे आवश्यक आहे. तरीसुद्धा त्याने उपस्थित केलेली शंका निराधार म्हणता येत नाही. युद्धज्वर आणि दंगली यांच्या काळात मरण सर्वांच्या डोळ्यांपुढे असते. त्यामुळे माणसे निष्पाप होतात, असे दिसत नाही.

या दोन्ही आक्षेपांचे उत्तर कथेत नसले तरी प्रवचनात आहे, आणि ते कथेच्या आधीच आलेले आहे. मरणाच्या आठवणीपूर्वी विनोबांनी संस्कारांच्या संचयाचा विचार मांडला, याचे महत्त्व येथे स्पष्ट होते. मृत्यूची आठवण ही स्वतः दिशा देत नाही. ती केवळ निकड निर्माण करते. दिशा देतो तो रोजच्या कृतीचा अभ्यास. ज्याच्या हातांना देण्याची सवय आहे, त्याला मरणाची आठवण अधिक देण्याची निकड लावील. ज्याच्या हातांना ओरबाडण्याची सवय आहे, त्याला ती अधिक ओरबाडायला लावील. म्हणून संस्कार आधी, स्मरण नंतर आणि त्यापुढे संघर्ष, हा क्रम अनिवार्य ठरतो. कथा सुटी करून सांगणारे निकड तेवढी उचलतात आणि दिशा मागे सोडतात.

समान मृत्यू आणि विषम मरण

या विवेचनाची दुसरी मर्यादा सामाजिक आहे. मृत्यू राव-रंक पाहत नाही, हे 'दासबोधा'पासून चालत आलेले सूत्र तत्त्वतः खरे आहे. परंतु मृत्यू सर्वांना येतो, एवढ्यावरून तो सर्वांना सारखाच येतो, असे सिद्ध होत नाही. बाबुराव बागूल यांच्या १९६९ मधील कथासंग्रहाचे शीर्षकच 'मरण स्वस्त होत आहे' असे आहे. मराठी वाचकाला मृत्यूविषयी वेगळा प्रश्न विचारणारे हे शीर्षक आहे. मरणाची किंमत कोणासाठी कमी होते आणि ती कोण ठरवतो, हा तो प्रश्न होय. महानगराच्या झोपडपट्टीत भूक आणि हिंसा यांच्या शेजारी राहणाऱ्या माणसाला मृत्यूचे स्मरण करून देण्यासाठी प्रवचनाची आवश्यकता नसते. मैला हाताने उचलण्याच्या प्रथेला आणि गटारांच्या धोकादायक सफाईला २०१३ च्या कायद्याने बंदी घातली, तरीही गटारांत उतरणाऱ्या सफाई कामगारांचे मृत्यू थांबलेले नाहीत. अशा कामगारापुढे प्रश्न मृत्यूच्या विस्मरणाचा नसून मृत्यूच्या अतिनिकटतेचा आहे.

यावरून असे दिसते की, मृत्युस्मरणाचा उपदेश हा प्रामुख्याने विसरण्याची चैन परवडणाऱ्यांसाठी आहे. ही त्याची मर्यादा होय. पण तीच त्याची दिशाही होऊ शकते. ज्याला आपले मरण दूर वाटते, त्याने ते जवळ आणून पाहावे, म्हणजे ज्यांच्या ते सदैव जवळ आहे त्यांच्याकडे त्याची दृष्टी वळेल, असा या उपदेशाचा विस्तार करता येतो. विनोबांच्या प्रवचनात हा विस्तार शब्दांत आलेला नाही. त्यांच्या पुढील आयुष्यात मात्र त्याची चिन्हे दिसतात. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे दलित कुटुंबांनी ८० एकर जमिनीची मागणी केली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर जमीन देऊ केली. तेथून भूदानाची पदयात्रा सुरू झाली, तेव्हा विनोबा ५५ वर्षांचे होते. वानप्रस्थाच्या वयात त्यांनी सर्वांत मोठे सार्वजनिक कार्य हाती घेतले. भूदानाच्या यशापयशाविषयी मतभेद आहेत व ते असणे योग्यच आहे. परंतु मरणाच्या चिंतनाने माणूस कोपऱ्यात बसतो, या समजुतीचा प्रतिवाद म्हणून ही यात्रा पुरेशी आहे.

मृत्युस्मरण आणि मृत्यूची ओढ

या विषयाची चर्चा करताना एक नाजूक भेद टाळता येत नाही. प्रवचने टिपून घेणाऱ्या साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपविले. प्रवचने देणाऱ्या विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराच्या झटक्यानंतर अन्न, पाणी व औषध यांचा त्याग केला आणि १५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे देह ठेवला. या दोन घटना एका ओळीत बसविणे अन्यायाचे होईल. एकीकडे ५० वर्षांच्या, समाजाच्या वेदनेने व्याकूळ झालेल्या संवेदनशील माणसाचे दुःख आहे. दुसरीकडे ८७ वर्षांच्या आजारी वृद्धाने उपचार नाकारण्याचा घेतलेला निर्णय आहे. व्यक्तीच्या अंतःकरणातील कारणे ग्रंथाच्या आधारे शोधणे समीक्षेच्या कक्षेतही येत नाही.

मात्र या दोन मृत्यूंच्या सान्निध्यात हा अध्याय वाचताना एक गोष्ट स्पष्टपणे मांडली पाहिजे. मृत्यूचे स्मरण म्हणजे मृत्यूची इच्छा नव्हे. स्मरणात मृत्यू हा मापदंड असतो. आजचा दिवस त्याच्यापुढे धरून पाहिला जातो. ओढीत मृत्यू हा आसरा होतो आणि आजचा दिवस असह्य होतो. ज्याचे मन आधीच निराशेने ग्रासलेले आहे, त्याला एकट्याने मृत्युचिंतन करण्याचा सल्ला देणे धोक्याचे आहे. त्याला गरज असते ती माणसांच्या सोबतीची, कोणीतरी ऐकून घेण्याची आणि वैद्यकीय मदतीची. एकनाथांच्या कथेतही तो गृहस्थ एकटा सोडलेला नाही. नाथ स्वतः चालत त्याच्या घरी जातात. कथेतील या तपशिलाकडे सहसा लक्ष दिले जात नाही.

वर्तमान संदर्भ

९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि असाध्य अवस्थेत कृत्रिम उपचार चालू ठेवावेत की नाही, याविषयी आगाऊ इच्छापत्र करण्यास मान्यता दिली. २०२३ मध्ये या इच्छापत्राची कार्यपद्धती सुलभ करण्यात आली. कायद्याने दार उघडले असले तरी घरात हा विषय काढायचा कोणी आणि कसा, हा प्रश्न कायदा सोडवू शकत नाही. वडिलांना त्यांची अंतिम इच्छा विचारणारा मुलगा अभद्र ठरतो, आणि ती न विचारल्यामुळे अतिदक्षता विभागाच्या दाराशी भावंडांना अंधारात निर्णय घ्यावा लागतो. 'येतो' म्हणून निघालेल्या माणसाने कोणतीच निरवानिरव केलेली नसते. १९३२ च्या प्रवचनाचा उपयोग येथे आहे. मृत्यूला हिशेबाच्या वहीजवळ आणि आगगाडीच्या डब्यात आणून बसविणारी त्यांची भाषा हा विषय जेवणानंतरच्या निवांत गप्पांत काढण्याजोगा करते.

समारोप

प्रस्तुत विवेचनातून पुढील बाबी स्पष्ट होतात. मराठीतील मृत्युचिंतनाच्या परंपरेत विनोबांनी दक्षता, धक्का आणि अनुभूती यांच्या जोडीला सवयीचा विचार आणला, हे त्यांचे वैशिष्ट्य होय. मृत्युस्मरण जीवनाला आपोआप अर्थ देत नाही. ते निकड देते आणि दिशा मात्र आधीच्या संस्कारांतून मिळते. त्यामुळे हे प्रवचन समग्र व क्रमाने वाचले पाहिजे. एकनाथांची कथा वेगळी काढल्यास त्याचा अर्धा अर्थ हरवतो. मृत्यू सर्वांना समान असला तरी मरण विषम आहे, याची जाणीव या विचारात मिळविल्याशिवाय तो पूर्णत्वास जात नाही. तसेच मृत्यूचे स्मरण आणि मृत्यूची ओढ यांतील सीमारेषा प्रत्येक विवेचकाने स्पष्ट आखली पाहिजे.

या अटी पाळल्यास मृत्युस्मरण हे दिवसाअखेरचे साधे काम उरते. आज केलेल्या गोष्टींपैकी कोणत्या दोन-चार मागे उराव्यात, असे स्वतःला विचारावे आणि उद्या त्यांतील एक पुन्हा करावी. आयुष्याचे अखेरचे उत्तर याच लहान आकड्यांतून तयार होत असते.